कासऱ्यावरचे विमान

मित्रांनो, मी एक जुने लढाऊ विमान आहे. दचकू नका. माझी लांबी तुमच्या एका ढांगेएवढीही नाही. ज्या स्पिटफायर विमानावरून मला बेतले, त्याने महायुद्ध गाजवले. मी मात्र साऱ्या आयुष्यात एका कडब्याच्या गंजीवर तेवढी चाल करून गेले.

माझा जन्म काष्टीजवळच्या एका मळ्यात, भीमा फौजीच्या पडवीत झाला. भीमा हवाई दलात फिटर होता. उमेदीची वर्षे विमानांची इंजिने खोलण्या-जोडण्यात घालवून, सत्तर सालच्या सुमारास तो पेन्शनीवर घरी आला. तोवर त्याच्या आईची, साळूबाईची, नजर पार गेली होती. लेक ज्यांच्यापायी इतकी वर्षे घराबाहेर राहिला, ती विमाने तिने कधी जवळून पाहिलीच नव्हती. आभाळात घरघर झाली की ती हातातले काम टाकून अंगणात यायची आणि वर हात जोडायची. भीमाला ते बघून गलबलून येई. आईला एकदा तरी विमान कळावे, एवढ्याच हट्टाने त्याने मला करायला घेतले.

माझे अंग हलक्या पांगाऱ्याचे आणि फासळ्या बांबूच्या. पंखांची गोलसर टोके वाकवताना भीमाने कितीतरी कांबी मोडल्या. वर मढवायला त्याने लग्नातले रेशमी उपरणे काढले, तेव्हा त्याची बायको मनकर्णा नुसती बघत राहिली. मग सुईदोरा घेऊन शेजारी येऊन बसली. "धसमुसळेपना करू नका, फाटंल," म्हणाली आणि पुढचे सगळे शिवणकाम तिनेच केले.

नाकात लिंबाएवढे इंजिन बसले. त्याला रॉकेल, ईथर आणि एरंडेल असे मिश्रण लागते. पहिल्यांदा ते सुरू केले आणि वास घरभर पसरला.

"एरंडेल कुनाला पाजतोस रं?" साळूबाईने आतून विचारले.

"इंजनाला, आये."

"त्याचं बी पोट धरलंय व्हय?"

सगळे हसले. मी तेवढे हिरमुसले.

रंग वाळल्यावर भीमाने मला आईच्या मांडीवर ठेवले. तिने माझ्या शेंड्यापासून शेपटीपर्यंत बोटे फिरवली. "ग्वाड हाय," ती म्हणाली, "पर हे बसल्यालं पाखरू झालं. उडताना कसं आसतंय, ते मला कसं कळायचं?" मग उडतानाचा आवाज तरी तिला ऐकवायचा, असे भीमाने ठरवले.

मी कसे उडते ते सांगते. माझ्या डाव्या पंखातून दोन बारीक तारा निघतात आणि एका लाकडी मुठीला जाऊन मिळतात. मूठ धरणारा मध्ये उभा राहतो आणि मी त्याच्याभोवती घिरट्या घालते. मूठ कलती केली की मी वर-खाली होते. ज्वारीची मळणी उरकली होती. भीमाने खळ्याच्या मधली, मळणीचे बैल जिच्याभोवती फिरतात ती मेढ उपटली आणि तिच्या जागी मूठ धरून स्वतः उभा राहिला. शेजारच्या रखमाजीने मला धरून सोडले. पण भीमाचा जन्म विमाने दुरुस्त करण्यात गेला होता, उडवण्यात नव्हे. त्याने हात जास्त कलवला, मी सरळ त्याच्या डोक्यावर चढले, तारा ढिल्या पडल्या आणि मी कडब्यात शिरले. उजवा पंख मोडला.

"काय झालं?" कडेला बसलेल्या साळूबाईने विचारले.

"तारा सैल पडल्या, आये."

"तारा कसल्या? कासरा हाय का त्याला?" ती उठूनच उभी राहिली. "मग मला सांगितलं न्हाईस ते? आवाज काय ऐकवतोस? कासरा माझ्या हातात दे की."

नवरा गेल्यावर या खळ्यात कासरा धरून मळणीच्या बैलांची पात तिनेच हाकली होती. भीमाने कपाळावर हात मारून घेतला.

मनकर्णाने पंख पुन्हा शिवून दिला. नंतरच्या खेपेला मेढीच्या जागी दोघे उभे राहिले. मूठ साळूबाईच्या हातात आणि तिच्या हातावर भीमाचा हात. मला खरेच भीती वाटत होती. पुन्हा मोडले असते तर भीमाला दुसरे उपरणे नव्हते. रखमाजीने सोडले, मी उचलले गेले आणि तारा ताणल्या. म्हातारी मागे रेलली, बिथरलेल्या बैलापुढे रेलावी तशी. तारा जराही सैल पडल्या नाहीत. मायलेक एकमेकांच्या पावलाने गरगर फिरू लागले.

"वढतंय रं," ती म्हणाली. "खोंड हाय अजून. लई वढ हाय त्याला."

इंजिन बंद पडले तेव्हा भीमाच्या आधी तिला कळले. "दमलं बग. टेकव आता." मी सारवलेल्या खळ्यावर अलगद उतरले. साळूबाई धापा टाकत खाली बसली, पण मूठ सोडायला तयार होईना. "इतकी वर्सं वरनं जायचं," ती म्हणाली. "आज हातात आलं."  भीमा तारा गुंडाळत राहिला.

आता मी पडवीत आढ्याला टांगलेले असते. मूठ मात्र वेगळी, बैलांच्या कासऱ्याशेजारी खुंटीवर असते. तशी साळूबाईचीच ताकीद आहे. मी सुखात आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी हाताने केलेली एखादी वस्तू असेल. तिची धूळ झटका, तिला तेलपाणी करा, पण शोभेला म्हणून उंचावर विसरू नका. अधूनमधून खाली काढा आणि घरात ज्याला ती दिसत नाही, त्याच्या हातात आधी द्या.

परवाच भीमाने मला उतरवून इंजिनात एरंडेल सोडले. वास आत पोचला असावा. लगेच साळूबाईचा आवाज आला, "भीमा, खळं मोकळं हाय का रं?"