मोरपंखी टाइल

कौशल्याबाईंनी आयुष्यात रंग म्हणून एकच निवडला, तोही बाथरूमच्या टाइलचा. हसू नका. नवरा, बापूराव, येरवड्याला तुरुंगाच्या कचेरीत कारकून, त्यामुळे एकतीस वर्षं सरकारी क्वार्टरात गेली. भिंतीला खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागे, तिथे रंगाचं कोण विचारतंय! निवृत्तीनंतर वारज्यात फ्लॅट घेतला, तर सोफ्यापासून पडद्यांपर्यंत सगळं बापूरावांनीच ठरवलं. "टिकाऊ हवं, कौशल्या. आज घेतलं आणि उद्या जुनं दिसलं, असं नको." अख्खं घर चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं झालं.

या उन्हाळ्यात बाथरूमचं पाणी खालच्या मजल्यावर झिरपायला लागलं. फोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बापूराव एकदम उदार झाले. "बाथरूम तुझं. तू म्हणशील ती टाइल."

बाई तीनदा दुकानात गेल्या, बस बदलून. नमुन्याच्या टाइलवर पाणी ओतून, चप्पल काढून, पाय घसरतो का तेही बघितलं. सेल्समन म्हणाला, "मावशी, ग्रे घ्या, नाहीतर पांढरी. बाकीचे रंग दोन वर्षांत जुने दिसतात."

"दिसू देत. मीही दिसतेच की," म्हणाल्या आणि मोरपंखी सांगून आल्या. येताना इतका आनंद झाला होता की बाईंनी चक्क रिक्षा केली.

तोडफोडीच्या धुळीने त्यांना खोकला लागायचा, म्हणून चार दिवस धाकट्या बहिणीकडे खडकवासल्याला जाऊन राहिल्या. पाचव्या दिवशी परतल्या आणि बाथरूमच्या दारातच थबकल्या. खालपासून छतापर्यंत पांढरंफेक.

"दुकानातून फोन आला होता, पुन्हा विचार करा म्हणून," बापूराव मागून म्हणाले. "मग मीच बदलली. पांढऱ्याला मरण नाही!"

"मला फोन का नाही केलात?"

"अगं, एवढ्याशा गोष्टीसाठी तुला कशाला त्रास?"

एवढीशी! बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. "एकतीस वर्षं सरकारला विचारून राहिले. आता घर आपलं झालं, तर तुम्हीच सरकार झालात का हो?"

बापूरावांना खरंच काही कळलं नाही. माणूस वाईट नव्हता, हाच तर वैताग होता. वाईट असता तर निदान भांडता तरी आलं असतं. "चिडतेस काय?" ते समजुतीने म्हणाले. "पुढच्या वेळी तुझी मोरपंखी लावू. झालं?"

पुढच्या वेळी. बाईंनी तेवढंच धरलं. गवंडी संभाजी उकिडवा बसून टाइलचे सांधे फडक्याने पुसत होता. त्यांनी त्यालाच विचारलं, "संभाजी, ही टाइल किती वर्षांनी बदलावी लागते रे?"

संभाजीच्या मनाला ते लागलं. "काकू, काम तर बघा आधी! पन्नास वर्षं हात लावायला नको. जुनी दिसणारच नाही, तर बदलायची कशाला?"

"ऐकलंस?" म्हणत बापूरावांनी खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली.

कौशल्याबाईंना त्रेसष्टावं लागलं होतं.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या.