केलेला राजीनामा

भिंगाखाली ‘राजीनामा’ फुगून दिसत होता — जुन्या मोडी पत्रातलं ते गोलगोल अक्षर, आणि झेरॉक्सच्या कडेला तिचे मार्गदर्शक महारुद्र सर यांची लाल पेन्सिल : ‘राणीने गादी सोडली, हे सर्वमान्य. आपला आधार काय?’ प्रबंधाचा मसुदा उद्या सरांना द्यायचा होता. सेलूच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या धम्मशीलेची सहा वर्षं त्या एका ओळीपाशी अडली होती.

देववडी... नकाशावर बोट ठेवलं तर झाकून जाईल एवढंसं संस्थान. गोऱ्या साहेबानं दत्तक नाकारला, विधवा चिमाबाई राणीनं भिऊन राजीनामा दिला, असं सगळ्या पुस्तकांत. एकाचं बघून दुसऱ्यानं लिहिलेलं. मग पुढची अकरा वर्षं हुकुमांवर तिचा शिक्का काय भुतानं उमटवला? पण शंका म्हणजे आधार नव्हे, आणि पत्रात तर स्वच्छ होतं — राणीसाहेबांनी साहेबबहादुरांशी राजीनामा केला. केला? ‘दिला’ हवं. लेखनिकाची चूक, सर म्हणाले होते, आणि तिनं मान डोलावली होती — जुनीच सवय, शाळेत तिची बोली ऐकून वर्ग हसायचा तेव्हापासूनची...

ओसरीत तिची माय, सुलाबाई, तूर निवडत एकटीच बोलत होती. कुणी ऐकतंय की नाही, याची तिला कधीच फिकीर नसे.

“लिंबाजीनं सितारामाशी राजीनामा केला म्हनं. लय बरं झालं.”

भिंग हातातच राहिलं.

“माय, काय केला म्हणलीस?”

“राजीनामा. बांधाची तडजोड गं. दोघं बी कोर्टात जायलते की.”

‘केला’. आणि ‘साहेबबहादुरांशी’. लेखनिक चुकलाच नव्हता! शहाण्या पुस्तकांनी टाकून दिलेला अर्थ निजामाच्या कचेऱ्यांतून मायच्या तोंडी येऊन सुखरूप राहिला होता. राणी शरण गेली नव्हती. नकार देणाऱ्या साहेबाला तिनं तडजोडीला बसवलं होतं, आणि स्वतः गादीवरच राहिली होती. दीडशे वर्षं भित्री ठरलेली बाई... आणि मी? पाहुण्यांसमोर मायला गप्प बसवणारी मी... लाज वाटली, पण आनंद तिच्याहून मोठा होता. तो छातीत मावेना, आणि धम्मशीला एकटीच खळखळून हसली.

“काय झालं गं?” बाहेरून माय.

“जिंकलो आपण.”

“बरं,” म्हणून माय पुन्हा तुरीकडे वळली.

सर मानतील? न मानोत. जुने कोश धुंडाळायचे होते, दप्तरातले आणखी ‘केला’ शोधायचे होते. तूर्त तिनं लाल पेन्सिलीखाली शाईनं लिहिलं : ‘मौखिक आधार : सुलाबाई, सेलू. माझी माय.’ शेवटचे दोन शब्द प्रबंधात चालत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिनं ते खोडले नाहीत.