सुदर्शनरावांनी पाणी भरलं

नळानं घसा खाकरला. सकाळचे सहा वाजत होते, घर गाढ झोपेत होतं आणि मी ओट्याशी उभी राहून चहा उकळेपर्यंत माझ्या टिपणांवरून नजर फिरवत होते. आधी एक कोरडी उचकी, मग बराच वेळ फुसफुस, मग पुन्हा शांतता. हा आवाज ओळखता येत नाही अशी बाई आमच्या शहरात सापडायची नाही. पाणी यायच्या आधी पाइपातली हवा अशी निघते. म्हणजे मागच्या गल्ल्यांना पाणी सुटलं होतं, दहा-अकराच्या सुमाराला आमचा नंबर.

हर्सूलकडच्या आमच्या कॉलनीत पाणी आठवड्यातून एकदा येतं. वार ठरलेला आहे, फक्त तो पाण्याला कुणी कळवलेला नाही. त्यासाठी बायकांचा एक पाणी-ग्रुप आहे. त्यात एकही पुरुष नाही. सोसायटीच्या कमिटीचाही एक ग्रुप आहे, त्यात एकही बाई नाही. दोन्ही ग्रुप सुरळीत चालतात. तर पाणी-ग्रुपवर काल खात्रीनं सांगितलं गेलं होतं की पाणी परवा येणार. त्या भरवशावर मी आज अकराच्या मुलाखतीला जाणार होते.

सोनू पोटात होती तेव्हापासून मी एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवते. तासिका म्हणजे घ्याल तेवढ्या तासांचे पैसे, आणि मुलांना सुट्टी लागली की मॅडमची चूल बंद. आजची मुलाखत दुसऱ्या कॉलेजात होती आणि जागा कायमस्वरूपी होती. एकच जागा.

"अहो, पाणी येतंय," मी सुदर्शनना हलवलं.

"परवा होतं ना?"

"त्याला सांगा तुम्ही."

ते उठून बसले, डोळे चोळले, माझ्या हातातल्या कागदांकडं पाहिलं आणि म्हणाले, "तू जा. मी आहे ना."

माझा नवरा वाईट माणूस नाही. 'मी आहे ना' हे तो मनापासून म्हणतो, आणि असतोही. त्यांनी आज वाळूजच्या कंपनीतून रजाच टाकली होती. माझ्या मुलाखतीसाठी नव्हे, महिला दिनासाठी. आठ मार्चला कमिटीच्या मंडळींना एका लग्नाला जायचं होतं, म्हणून आमच्या कॉलनीनं महिला दिन पंधरा दिवस पुढं ढकलला होता. तो आज संध्याकाळी होता आणि मंडपाचं काम सुदर्शनकडं होतं.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. देवगाव रंगारीला त्यांनी विहिरीवरून पाणी वाहिलं, त्यात गुडघे गेले. "व्हय रं, तू भरणार? हंडे?"

"भरतो की आई. त्यात काय."

"आन् गल्लीनं बघितलं मंग?" त्या माझ्याकडं वळल्या. "तनुजा, मुलाखत जरा लांबवता नाय का येत? पाणी काय आपल्या हातात हाय?"

"मुलाखत पण आपल्या हातात नाही, आत्या."

मी सुदर्शनना सगळं समजावून सांगितलं. पहिलं पाणी गढूळ येतं, ते संडासाच्या ड्रममध्ये सोडायचं. निवळ आलं की फडक्यातून गाळून पिण्याचे हंडे. मग पाइप हौदात. हौद अर्धा झाला की मोटर लावून वरच्या टाकीत चढवायचं, पण गच्चीवर उभं राहून, कारण टाकी भरून वाहिली की पाणी थेट शेजारच्या गच्चीवर जातं. शेजारी वच्छलाबाई राहतात. मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडून असं झालं तेव्हा त्यांच्या वाळवणातल्या मिरच्या भिजल्या. "पोरीला आईनं काय शिकवलंच नाय," असं त्या भिंतीपलीकडून दिवसभर बोलल्या, आणि दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

कंपनीतल्या मीटिंगमध्ये साहेबांपुढं डोलावतात तशी सुदर्शननी मान डोलावली. मी सोनूची वेणी घातली, भाजी-पोळी झाकून ठेवली आणि रिक्षा पकडली.

मुलाखतीला समोर चौघं होती, तीन सर आणि एक मॅडम. माझी फाइल त्यांच्यासमोर उघडी होती, पण तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"मुलगी आहे म्हणता. किती वर्षांची?"

"सहा."

"शाळेतून आल्यावर कोण बघतं?"

"सासूबाई."

"त्यांचं वय झालं असेल ना," मधले सर काळजीनं म्हणाले. माझ्या सासूबाईंची एवढी काळजी त्यांच्या मुलांनीही केलेली नाही. "आणि दुसऱ्याचा काही विचार? नाही, स्पष्टच विचारतो, राग मानू नका. पुढं रजेचा प्रश्न येतो."

एवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला. मी तो कट केला. पुन्हा थरथरला. मॅडम हसून म्हणाल्या, "घ्या हो, घरचाच असणार. बाईला घर सुटतंय थोडंच."

मी फोन घेतला. सुदर्शन धापा टाकत होते. "अगं, टाकीचा कॉक डावीकडं का उजवीकडं?"

चार माणसं माझ्याकडं बघत होती. "उजवीकडं," मी म्हटलं. "आणि आधी मोटर बंद करा."

"मोटर कुठं बंद होते?"

"जिन्याखाली. लाल बटण."

चौघंही मनापासून हसली. मधले सर म्हणाले, "वा, मॅडम इथं बसून घर चालवतात," आणि त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं. ते माझ्या बाजूचं होतं की विरुद्ध, मला कळलं नाही. मग चहा यायला उशीर झाला, तेवढ्यात त्यांनी मला विषयाचे दोन-तीन प्रश्न विचारले. मोलॅरिटी आणि मोलॅलिटी मुलांना कशी वेगळी करून सांगाल, हा त्यातला एक. मी फळ्यापाशी गेले आणि खडू हातात आला तशी मी घर, हौद, कॉक सगळं विसरले. मॅडम पुढं झुकून ऐकायला लागल्या. चहा आला तरी कुणी कप उचलला नाही. शेवटी मधले सर म्हणाले, "कळवतो. चांगलं सांगता तुम्ही," आणि त्यांच्या आवाजात थोडं आश्चर्य होतं.

घरी आले तर फाटकापाशीच चिखल. आमच्या गच्चीवरून वच्छलाबाईंच्या गच्चीवर आणि तिथून गल्लीत असं पाणी आलेलं दिसत होतं. आमच्या पिण्याच्या हंड्यात चहाच्या रंगाचं पाणी होतं आणि संडासाच्या ड्रममध्ये स्वच्छ, गाळलेलं. सुदर्शन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पायरीवर बसले होते आणि सासूबाई पदरानं त्यांना वारा घालत होत्या.

"लई पळवलं माझ्या लेकाला पाण्यानं," त्या म्हणाल्या. "चार बारी गच्ची चढला-उतरला."

"हंडे जरा उलटसुलट झाले," सुदर्शन म्हणाले. "पण भरलं सगळं."

"वच्छलाबाईंच्या कुरडया होत्या वर," मी म्हटलं.

"होत्या," ते हळूच म्हणाले.

मी पदर खोचला आणि माफी मागायला निघाले, तर वच्छलाबाईच भिंतीशी उभ्या. हातात भिजलेल्या कुरडयांचा लगदा. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "अगं राहू दे. गव्हाचा चीक काय पुन्हा काढता येतो. पुरुष माणूस हंडा घेऊन पळत होता गं, मला तर बघून भरूनच आलं. सगळ्या बाया बघायला आल्या होत्या. समोरच्या कडुबाच्या बायकोनं व्हिडिओ काढलाय."

सासूबाईंनी सकाळपासून ज्या गल्लीची धास्ती घेतली होती, तिनं असा निकाल दिला. तेव्हापासून त्यांचा गुडघाही दुखेना. संध्याकाळपर्यंत त्या तीनदा फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. कुणी विचारलं की सांगायच्या, "व्हय, माझाच. लहानपणापासून असाच हाय, कामाला लाजत नाय."

त्यांनी सुदर्शनना कधी पाण्याचा तांब्या भरून घेऊ दिलेला मी पाहिलेला नाही, पण अशा वेळी सुनेनं गप्प बसावं.

संध्याकाळी ओपन स्पेसवर मंडप लागला. फलकावर 'नारीशक्तीचा जागर' असं मोठ्या अक्षरांत होतं आणि खाली कमिटीच्या सगळ्या पुरुषांचे हसरे फोटो. अध्यक्ष साहेबराव काकांनी माइक हातात घेतला. "आज माझ्या भगिनींनी कशालाच हात लावायचा नाही. आज तुमचा मान. फक्त आचारी आलेला नाही, तेव्हा चहाचं तेवढं बघून घ्या."

आम्ही चहाचं बघून घेतलं. मग संगीत खुर्ची झाली, तिच्यात खुर्च्याही आम्हीच मांडल्या. मग काकांनी जाहीर केलं की प्रमुख पाहुण्या डॉक्टर मॅडमना अचानक दवाखान्यात जावं लागलं, त्या येऊ शकत नाहीत. शाल आणि नारळ टेबलावर तसेच पडून होते.

वच्छलाबाई उभ्या राहिल्या. "अध्यक्ष, आमच्या सुदर्शनभाऊंचा सत्कार करा की. बायकोला मुलाखतीला पाठवून माणसानं घरचं पाणी भरलं. आजच्या दिवसाला याच्यापेक्षा मोठं काय पाहिजे?"

आधी बायकांच्या टाळ्या पडल्या. पुरुषांनी एकमेकांकडं बघितलं आणि मग त्यांनीही टाळ्या वाजवल्या, जरा जपून. सुदर्शन मंडपाचा खांब धरून उभे होते. त्यांना ओढत वर नेलं, शाल घातली, नारळ दिला. ते कानापर्यंत लाल झाले. माइकवर म्हणाले, "मी खरंच काही विशेष केलेलं नाही. निम्मं पाणी तर सांडलं." ते अगदी खरं होतं. त्यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. "किती नम्र," माझ्यामागून कुणीतरी म्हणालं.

"आता वहिनींनी उखाणा घ्यायचा," साहेबराव काका म्हणाले.

बायकांनी मला पुढं ढकललं. सोनू पहिल्या रांगेत सतरंजीवर बसली होती, बापाच्या गळ्यातली शाल बघून तिचं तोंड फुललं होतं. तिच्यासमोर मला कडू बोलायचं नव्हतं. मी माइक घेतला.

"नळाला आलं पाणी, टाकी भरली काठोकाठ,
सुदर्शनरावांची थोपटते सारी कॉलनी पाठ."

हशा झाला. फक्त सुदर्शननी मान खाली घातली. त्यांना कळलं होतं.

घरी आल्यावर ते शालीची घडी घालत होते, सोनू जमिनीवर बसून नारळाची शेंडी उपटत होती, तेवढ्यात माझ्या फोनवर कॉलेजचा निरोप आला. मुलाखतीतून दोघांना निवडलं होतं, मला आणि ऋतुराज नावाच्या एकाला. दोघांनी येत्या शनिवारी सकाळी वर्गात प्रत्यक्ष तास घेऊन दाखवायचा आणि त्यातून एकाला घेणार. मी निरोप मोठ्यानं वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

"भारी," सुदर्शन म्हणाले आणि ते खरंच खूश झाले. मग त्यांनी बोटांवर वार मोजले. "शनिवार म्हणजे… पाणी शुक्रवार-शनिवारकडंच येणार की."

"येईल. थांबाल ना?"

ते शालीची घडी मोडून पुन्हा घालायला लागले. "शनिवारी कंपनीत ऑडिट आहे गं. आजची रजाच किती मिनतवाऱ्या करून घेतली. तू असं कर ना, तारीख बदलून माग. सांग, घरी पाणी आहे. शहरातलीच माणसं आहेत ती, समजून घेतील."

"कशाला बदलायची?" सासूबाई आतून म्हणाल्या. "त्यापेक्षा तासाचीच नोकरी बरी होती. पाण्याच्या दिशी जायचंच नाय, कोण विचारतंय?"

"आणि एकदा झालं ना माझं भरून," सुदर्शन म्हणाले. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. एकदा केलं की झालं, असं त्यांना आतून वाटत होतं. लग्न होऊन आल्यावर मी एकदा स्वयंपाक केला आणि झालं, असं मला कुणी म्हटलेलं आठवत नाही.

"तारीख नाही बदलणार," मी म्हटलं. "दुसरा जो उमेदवार आहे ना, ऋतुराज, तो बाहेर बाकावर माझ्या शेजारीच होता. बायको त्याच्याबरोबरच एमेस्सीला होती म्हणाला, तिचे मार्क त्याच्यापेक्षा जास्त. त्यांच्याकडं पण आजच पाणी होतं. मी विचारलं, मग कसं केलं? तर म्हणाला, कसं म्हणजे, बायको आहे ना घरी. त्याचा फोन एकदाही वाजला नाही. तो शनिवारी जाणार, त्याला कुणाला विचारायचं नाही. मग मी पण जाणार. पाणी आलं तर येऊ दे, वाहिलं तर वाहू दे."

सुदर्शननी शाल उचलून कपाटात ठेवली. सासूबाईंनी भांडं जरा जोरात ठेवलं. पण मला हलकं वाटत होतं, वाक्य एकदा तोंडातून गेलं होतं. शनिवारी वर्गात काय शिकवायचं, हे मी मनात जुळवायलाही लागले.

सोनूनं शेंडी सोडली आणि मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"मम्मी, मग घरी पाणी भरणाऱ्या त्या काकूंची मुलाखत कधी असते?"