स्प्रिंगचा पीळ

स्प्रिंग तुटली तेव्हा थोरल्याला वाटलं, गॅरेजात कुणीतरी बंदूकच झाडली. त्यानं दार अर्ध्यावर उचललं होतं आणि त्याची बायको पाण्याची बादली घेऊन वाकून आत शिरत होती. तेवढ्यात ते दीडशे किलोचं पत्र्याचं दार सुटलं. थोरल्यानं तिला दंडाला धरून मागं खेचलं म्हणून ती वाचली. बादलीचा मात्र चेंदामेंदा झाला.

"माझी मान असती तिथं," बायको म्हणाली आणि पायरीवर जाऊन बसली. 

थोरला तिच्याकडं न बघता दाराला लाथा घालत होता. त्याचा स्वभावच तसा. तीस वर्षं बस चालवत होता आणि डेपोत त्याला तोंडावर साहेब आणि मागं 'भडका' म्हणत. सिग्नल लाल झाला तरी तो स्टीअरिंगवर बुक्की मारायचा.

त्यात आजचा दिवस मुळातच कडू होता. वडील जाऊन तीन महिने झाले होते. त्यांची जुनी गाडी त्या गॅरेजात उभी होती आणि ती न्यायला धाकटा भाऊ येणार होता. 'गाडी तू घे,' असं वडील जाण्याआधी धाकट्याला सांगून गेले होते, तेही थोरल्याच्या बायकोसमोर. त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती. थोरल्यानं ते गिळलं होतं, पण पचलं नव्हतं. अकरा वर्षं दर रविवारी गाडी धुतली ती त्यानं. वडिलांना दवाखान्यात नेलं-आणलं ते त्यानं. आणि आता स्वच्छ करून द्यायचीही त्यानंच.

धाकटा आला तो स्वयंपाकघराच्या दारानं थेट गॅरेजात. तो कारखान्यात लेथवर काम करायचा, लोखंड ओळखायचा. दारावरच्या दांड्याकडं त्यानं मान वर करून पाहिलं. मनगटाएवढी जाड स्प्रिंग मधोमध तुटून दोन तुकडे लांब झाले होते.

"दादा, याचा कारागीर बोलव. अख्ख्या दाराचं वजन पेलायचा जोर हिच्यात कोंडलेला असतो."

"कारागीर कशाला? माझे हात काय झडलेत?"

दोन तासांत थोरला नवी स्प्रिंग घेऊन आला. जुनी उतरवून नवी चढवणं सोपं गेलं, कारण दार जमिनीवर होतं आणि नव्या स्प्रिंगला अजून पीळ नव्हता. खरं काम पुढं होतं. स्प्रिंगच्या टोकाला एक लोखंडी गट्टा असतो, त्याला चार भोकं. एका भोकात सळई खुपसून पाव फेरा पिळायचा, दुसऱ्या भोकात दुसरी सळई घालायची, मग पहिली काढायची. असं तीस वेळा. थोरल्याकडं सळया नव्हत्या. त्यानं दोन लांबलचक स्क्रू-ड्रायव्हर काढले.

धाकट्यानं भोकात बोट घालून पाहिलं. "भोक अंगठ्याएवढं आणि हा करंगळीएवढा. निसटणार हा. मी उद्या मापाच्या दोन सळया कापून आणतो."

"आज न्यायचीय ना गाडी? मग शिडी धर गुमान."

धाकट्यानं शिडी धरली. थोरला वर चढला आणि मोजत मोजत पिळू लागला. पहिले दहा सहज गेले. पंधरानंतर स्प्रिंग करकरायला लागली. विसाव्याला थोरल्याच्या मानेच्या शिरा टरारल्या आणि घाम डोळ्यांत उतरला. स्क्रू-ड्रायव्हर दर वेळी भोकात थोडा डुगडुगायचा, आणि तो डुगडुगला की थोरल्याचं डोकं आणखी तापायचं.

"अकरा वर्षं मी धुतली ही गाडी," तो वरूनच म्हणाला.

"मी कुठं मागितली? बाबांनी दिली."

"बाबांना शेवटी धड शुद्ध होती का? मला तुझ्या नावानं हाका मारत होते."

धाकट्यानं शिडी घट्ट धरली. मग शांतपणे म्हणाला, "शुद्धीत असतानाही मारायचे. तुझं नाव घ्यायला घाबरायचे ते, दादा. तुझा पाय दारात वाजला की रेडिओ बंद करायचे. सांगितलंय मला त्यांनी."

सत्तावीस झाले होते. डाव्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर सगळा जोर पेलत होता आणि उजव्या हातातला पुढच्या भोकात जायचा होता. थोरल्यानं तो घातला नाही. रागानं त्याचा पाय सुटला. बुटाची टाच धाकट्याच्या छातीवर बसली आणि धाकटा मागं गाडीच्या बॉनेटवर आदळला.

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. डावा हात ढिला पडला, गट्टा गरकन उलटा फिरला. स्क्रू-ड्रायव्हरनं थोरल्याचं मनगट काडीसारखं मोडलं आणि तो भिरभिरत सुटला तो धाकट्याच्या तोंडावर. स्प्रिंग थडथडत उलगडत राहिली, दाराचा सगळा पत्रा थरथरला. थोरला शिडीसकट खाली कोसळला.

धाकटा ओरडला नाही. तो बॉनेटला टेकून बसून राहिला, ओंजळ तोंडाखाली धरून. ओंजळीत रक्त होतं आणि रक्तात तीन दात. जबडा एका बाजूला लोंबत होता, जणू चेहऱ्याचा तो भाग कुणी दुसऱ्याचाच होता. थोरला फरशीवर सरपटत त्याच्यापर्यंत गेला. "बघू, बघू मला," तो म्हणत होता. धाकट्यानं कोपरानं त्याला दूर ढकललं.

बायको धावत आली. तिनं टॉवेल घेतला, दिराच्या हनुवटीखालून डोक्यावर घट्ट बांधला, मग नवऱ्याकडं वळली. "काय झालं?"

"स्क्रू-ड्रायव्हर निसटला," थोरला म्हणाला.

गाडी आत अडकलेली. शेजारच्या पोस्टमननं दोघांना आपल्या गाडीतून दवाखान्यात पोचवलं. डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला विचारलं, कसं लागलं. बोलणं शक्यच नव्हतं. त्यानं कागदावर लिहिलं, 'स्क्रू-ड्रायव्हर निसटला.'

शेजारच्या खाटेवरून थोरल्यानं ते वाचलं. आधी त्याला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच अशी शिसारी आली की त्याला उलटी झाली आणि नर्सला वाटलं, हाताच्या कळा सोसवत नाहीत.

धाकट्याची बायको शाळेतून तशीच धावत आली होती, बोटांना खडू लागलेला. व्हरांड्यात थोरला प्लास्टर सुकवत बसला होता.

"भाऊजी, झालं तरी काय?"

"मी लाथ मारली त्याला," थोरला म्हणाला. "म्हणून स्क्रू-ड्रायव्हर निसटला."

तिनं क्षणभर पाहिलं आणि खाडकन त्याच्या थोबाडीत दिली. मग दुसरी. तिसऱ्या वेळी तिनं हातातली पिशवीच त्याच्या डोक्यात घातली, आत वह्यांचा गठ्ठा होता. वॉर्डबॉयनं तिला आवरलं. थोरल्याची बायको भिंतीला टेकून उभी होती. ती मधे पडली नाही.

घरी पोचल्यावर ती म्हणाली, "मी सगळं ऐकलं होतं स्वयंपाकघरातून. रेडिओ मीसुद्धा बंद करते. तुमच्या लक्षात नाही आलं कधी." आणि बॅग भरून बहिणीकडं निघून गेली. थोरल्यानं तिला अडवलं नाही. अडवायला उठला असता, तर आपण काय केलं असतं याची त्याला स्वतःलाच खात्री नव्हती.

दोन दिवसांनी कारागीर आली. पन्नाशीची, काटकुळी बाई, हातात भरीव सळयांची जोडी. "समोर उभे राहू नका," एवढंच बोलली. अर्ध्या तासात स्प्रिंग पिळली, दार एका बोटानं वर उचलून दाखवलं. जाताना प्लास्टरकडं बघून विचारलं, "स्प्रिंगनंच मोडला हात?"

"नाही," थोरला म्हणाला. "चूक माझी होती."

बायको तीन आठवड्यांनी परतली, पण तिनं आपलं अंथरूण सासऱ्यांच्या खोलीत घातलं.  धाकट्याचा जबडा सहा आठवडे तारेनं बांधलेला होता, तो नळीनं पातळ जेवण ओढायचा. थोरला रोज फोन करायचा, धाकट्याची बायको रोज उचलून ठेवून द्यायची.

सातव्या आठवड्यात, प्लास्टर निघाल्यावर, थोरला गाडी घेऊन धाकट्याच्या दारात गेला. बॉनेटवरचा पोचा त्यानं काढला नव्हता. धाकटा बाहेर आला. बारा किलोनं उतरला होता, हनुवटी जराशी तिरकी राहिली होती. थोरल्यानं किल्ली पुढं केली.

धाकट्यानं किल्ली खिशात टाकली आणि वळलेल्या मुठीनं त्याच्या तोंडावर ठेवून दिली. थोरला गाडीवर आपटला. ओठ फाटला. त्यानं हात वर केले नाहीत. दुसरा ठोसा कानशिलावर बसला, तिसरा बरगडीत. तेव्हाही तो तसाच उभा राहिला. चौथा आलाच नाही. धाकटा आपली मूठ धरून धापा टाकत होता.

"मार की," थोरला म्हणाला.

"हात दुखतोय माझा," धाकटा म्हणाला. जबड्यामुळं शब्द बोबडे येत होते. "बाबांची माफी कोण मागणार, दादा?"

 थोरला ओठावरचं रक्त बाहीनं पुसत राहिला. आतून धाकट्याच्या बायकोनं एका फडक्यात बर्फ आणून नवऱ्याच्या हातात दिला. धाकट्यानं तो मुठीवर थोडा वेळ धरला, मग फडकं तसंच भावाकडं फेकलं आणि गाडीत बसून इंजिन सुरू केलं. थोरला पायी घरी निघाला. पाऊण तासाची वाट होती.