गणवेशाची अडचण

शिंप्याच्या थोरल्या मुलीने विमान चालवायचा परवाना मिळवला, तेव्हा विमान कंपनीतल्या भरतीच्या साहेबांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. नोकरीचा प्रश्न वेगळा. पहिल्या वर्षी ती उंचीला कमी पडली. तिच्याहून दोन बोटं बुटका मुलगा त्याच दिवशी निवडला गेला, पण त्याची उंची म्हणे आत्मविश्वासात होती. दुसऱ्या वर्षी साहेबांनाच तिच्या लग्नाची काळजी लागली. लग्न होणार, मुलं होणार, मग विमानाकडे कोण बघणार? तिसऱ्या वर्षी वैमानिकांचा तुटवडा पडला, परीक्षेत ती पहिली आली आणि साहेबांची पंचाईत झाली. शेवटी त्यांनी पत्र धाडलं: कंपनीकडे बायकांच्या मापाचा गणवेश नाही, सबब नेमणूक करता येत नाही.

बाप इतकी वर्षं म्हणत आला होता की पोरीने जमिनीवरचं काहीतरी बघावं. समानतेबिमानतेशी त्याला देणंघेणं नव्हतं. पण विजारीवाचून कुणाचं काम अडतं, हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं.

"उभी राहा," एवढंच म्हणून त्याने गळ्यातली टेप काढली.

चौथ्या दिवशी ती कडक इस्त्रीच्या गणवेशात साहेबांपुढे हजर झाली. साहेबांनी शिवण उलटसुलट बघितली; खोट सापडेना. शेजारी बसलेल्या मुख्य वैमानिकाला त्या आठवड्यात सहा उड्डाणं रद्द करावी लागली होती.

"कापड बघून झालं असेल तर सही करा," तो म्हणाला.

पहिल्या फेरीला तिच्या वाट्याला एक मुरलेला कॅप्टन आला. कशालाही हात लावू नकोस, असं त्याने वडीलकीने सांगितलं. उतरायच्या वेळी आडवा वारा सुटला. दोनदा त्याला विमान टेकवता आलं नाही, दोनदा ते पुन्हा वर घ्यावं लागलं. घाम पुसत त्याने विचारलं, "तू बघतेस?"

"द्या," ती म्हणाली आणि तिने विमान सरळ धावपट्टीवर टेकवलं.

"वारा पडलेला दिसतोय," कॅप्टन म्हणाला. बाहेर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फुगून ताठ आडवी झाली होती.

"असेल, तुमच्या बाजूचा," ती म्हणाली.

शिडी उतरताना तिचे गुडघे लटपटत होते. विजार चांगली ऐसपैस शिवलेली, त्यामुळे कुणाला दिसलं नाही.