घरघर सुरू

मेधाने हेडफोन काढून टेबलावर टाकला आणि तरातरा स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजला कान लावला.

डबा भरत उभ्या असलेल्या साकेतने विचारलं, "आता काय झालं?"

"काम परत आलं. तिसऱ्यांदा."

"'फ्रिज गुंय अंतद', फ्रिज गुंय म्हणतोय, असं लिहून टाक की सरळ." साकेत हसला आणि डबा पिशवीत घालून कोर्टात निघून गेला. नवऱ्याला कानडीत विनोद करायला काय जातंय, असं मेधाला वाटलं. तिने फ्रिजचं दार उगीचच उघडून बंद केलं.

कानडी मुलखातल्या केलगेरीच्या या घरात बसून ती वर्षभर पुण्यातल्या एका कंपनीसाठी काम करत होती. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी चित्रपटातले आवाज शब्दांत लिहून द्यायचे, ते पडद्यावर खाली उमटतात. दार वाजतं, कुत्रा भुंकतो, कुकरची शिट्टी होते, हे सगळं भराभर होऊन जाई. हा चित्रपट मात्र एकाच जागी अडून बसला होता. त्यात एक बाई भर दुपारी स्वयंपाकघरात एकटी बसलेली असते. बोलत नाही, हलत नाही. नुसता फ्रिज चालू असतो, बराच वेळ. तो थांबतो तेव्हा ती उठते. अख्खा प्रसंग त्या आवाजावर तोललेला, आणि आवाजाला नाव सापडत नव्हतं.

काम तपासणाऱ्या योगिताला तिने फोन लावला.

"मेधाताई, 'घुमतोय' नाही चालणार," योगिता म्हणाली. "पारवा घुमतो. नाहीतर अंगात आलेली बाई."

"मग गुणगुण का नको?"

"गुणगुणतो माणूस. तेही मन थाऱ्यावर असेल तर."

"आधी मी 'गुंय' लिहिलं होतं."

"ते तुमच्याकडचं कानडी ना?" योगिता हसली. तिच्या मनात काही नसावं, पण मेधाचे कान तापले. तिच्या माहेरी आणि सासरी चार पिढ्या मराठी बोलत होत्या. "आपल्याला सगळीकडे कळेल असं हवंय. 'घरघर' करा. जात्याची घरघर, पंख्याची घरघर, सगळेच म्हणतात."

"घरघर खरखरीत असते हो. तिच्यात दाणे असतात. हा आवाज गुळगुळीत आहे, तेलासारखा."

"ताई, वाचणाऱ्याला ऐकूच येत नाही. त्याला काय फरक पडतो?"

मेधाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"संध्याकाळपर्यंत पाठवा. नाहीतर मला हे दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावं लागेल."

फोन ठेवल्यावर मेधाने कळफलकावर बोटं आपटत लिहिलं : फ्रिजची घरघर. प्रसंग लांबलचक होता, म्हणून पुढे दोनदा नुसतंच : घरघर सुरू. घ्या. बसा घरघरत.

मागच्या अंगणातून सासूबाई आत आल्या. नाव अंबूताई, पण सगळं घर त्यांना अक्का म्हणे. त्यांचं ऐकणं दोन वर्षांपूर्वीच पार गेलं होतं. कानाचं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात पडून होतं. तेव्हापासून त्यांना काही सांगायचं तर मेधा लॅपटॉपवर लिहून दाखवी. पूर्ण झालेलं काम पहिल्यांदा बघायचं, हा त्यांचा मान. त्या नेहमीसारख्या खुर्ची ओढून बसल्या. मेधाने चित्रपट सुरू करून दिला आणि बघायचीसुद्धा इच्छा नाही म्हणून ती पाणी प्यायला उठली.

परत आली तेव्हा अक्का पडद्याला नाक लागेल इतक्या पुढे वाकल्या होत्या.

"आत कोण आहे गं?" त्यांनी मोठ्याने विचारलं. आपला आवाज किती चढतो ते त्यांना कळत नसे.

मेधाने हातानेच विचारलं, कुठे आत?

"घरघर कुणाला लागलीय? तिची आई आहे का? मग ही बया अशी बसून काय राहिलीय? उठून तोंडात चार थेंब पाणी तरी घालावं की!"

मेधा आधी बघतच राहिली आणि मग तिला हसू फुटलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच. पडतो फरक, योगिताबाई! तिने फोन उचलला.

अक्कांनी तिचं मनगट धरलं.

"मेधा, अप्पांना लागली होती का गं?"

फोन मेधाच्या हातातच राहिला.

अप्पा, तिचे सासरे, जाऊन दोन महिने झाले होते. पहाटे त्यांच्या खोलीतून आलेल्या आवाजाने ती जागी झाली होती. धावत गेली होती. शेजारच्या खाटेवर अक्का भिंतीकडे तोंड करून शांत झोपल्या होत्या. त्यांना हलवून उठवेपर्यंत सगळं संपलं होतं.

"मी तिथंच होते," अक्का म्हणाल्या. आता त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "हातभर अंतरावर. पाणी मी घालायला हवं होतं ना. कुणी मला काही सांगतच नाही."

मेधाने लॅपटॉप आपल्याकडे वळवला. चित्रपट बंद करून कोरं पान उघडलं. तो आवाज तिच्या कानात अजून होता. त्याच्यासाठी शब्द शोधावा लागत नव्हता, तो एकच होता आणि नेमका होता. तिने 'घ' लिहिला. बोट तसंच थांबलं.

मग तिने लिहिलं : घोरत होते.

अक्कांनी वाचलं. "घोरत?"

मेधाने मान हलवली. तेवढं पुरेना, म्हणून पुढे लिहिलं : नेहमीसारखे.

"घोरायचेच ते," अक्का म्हणाल्या. "शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असे. मी कोपर मारायची, तेव्हा कुठं कुशीवर वळायचे." बोलता बोलता त्या थांबल्या. मेधाच्या तोंडाकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मेधा पडद्याकडेच बघत राहिली.

"अक्षर मोठं कर की जरा," अक्का म्हणाल्या.

मेधाने मोठं केलं. अजून कर, अशी त्यांनी बोटाने खूण केली. शेवटी पानावर 'घोरत होते' हे दोनच शब्द मावले. अक्कांनी चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि ओठ हलवत ते दोन शब्द पुन्हा वाचायला सुरुवात केली.