बाबांना लावलेली मिशी

दिनकर वैशंपायनांनी जन्मात कधी मिशी ठेवली नव्हती. रोज सकाळी सातच्या बातम्यांना ते दाढीचा ब्रश फेसात बुडवत आणि बातम्या संपेपर्यंत तोंड गुळगुळीत करून मोकळे होत. आता मात्र लखनौच्या वृंदावन योजनेतल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत, काचेच्या झाकणाच्या थंड पेटीत ते आडवे होते, आणि त्यांच्या वरच्या ओठावर चांगली झुपकेदार, टोकं वर वळवलेली काळीभोर मिशी होती.

देविकाला क्षणभर वाटलं, आपण घर चुकलो. विमानतळावरून ती थेट आली होती. बॅगेचा पट्टा अजून खांद्यावर होता. पेटीतला माणूस कुणी तरी वेगळाच होता. गालांवर गुलाबी रंग, ओठ लाल, डोळ्यांत काजळ, कपाळावर चंद्रकोर, डोक्याला मोत्यांचा तुरा लावलेली लाल पगडी. मग तिला त्याचे कान दिसले. लांबट, पाळ्या जरा पुढे आलेले. कान बाबांचे होते.

काचेच्या आतून दव धरलं होतं. त्यातला एक थेंब सुटून गालावर पडला होता आणि कानापर्यंत कातडीच्या रंगाचा ओघळ गेला होता. खोलीत चंदनाच्या अत्तराचा दर्प भरला होता आणि त्या दर्पाखाली दुसरा एक वास होता, शाळेतल्या प्रयोगशाळेत बरणीतल्या बेडकाला यायचा तसा. मे महिना. बाहेर लू, उत्तरेतला तो भाजून काढणारा वारा, सुरू व्हायची वेळ झाली होती.

"नमस्ते मैम," पांढरे हातमोजे घातलेला, टाय लावलेला माणूस पुढे आला. खिशावर अंत्यविधीच्या कंपनीचं कमळ होतं. "मैं रमाकांत. सुजय सर से बात हो गई है. डैडीजी बिल्कुल तैयार हैं."

"ही मिशी..." म्हणता म्हणता ती हिंदीवर आली. "ये मूँछ किसने लगाई?"

"हमारी टीम ने," रमाकांत अभिमानानं म्हणाला. "एक-एक चीज़ फोटो से मिलाई है. पगड़ी अमीनाबाद से आई है, शादी वाली दुकान से. मराठी वाली यहाँ मिलती कहाँ है, मैम."

त्यानं टॅबवर फोटो दाखवला आणि सगळा उलगडा झाला.

बाबा लखनौतच, परवा सकाळी चहा घेता घेता गेले. स्वयंपाकाच्या बाईंनी कप उपडा पाहिला आणि शेजाऱ्यांना बोलावलं. देविका लाइपझिगला होती. सुजय, तिचा मोठा भाऊ, ह्यूस्टनला, आणि त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. त्याला विमानात बसणं शक्य नव्हतं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मग सुजयनं इंटरनेटवर ही कंपनी शोधली. कंपनीचे दोन प्लॅन होते, एक सात्त्विक आणि एक राजसी. सात्त्विकमध्ये रुग्णालयातून शव आणणं, गाडी, लाकडं आणि गुरुजी. राजसीमध्ये हे सगळं, वर फुलांची सजावट, चेहऱ्याची सजावट आणि जगात कुठूनही बघता येईल असं चित्रण. "बाबांना काय स्वस्तातलं द्यायचं का?" असं सुजय फोनवर म्हणाला होता. देविका तेव्हा फ्रँकफर्टच्या विमानतळावर रांगेत उभी होती. चेहऱ्याची सजावट म्हणजे दाढी, भांग, एवढंच तिच्या डोक्यात आलं. अर्धे पैसे मी देते, म्हणाली आणि विमानात बसली.

ती हवेत असताना कंपनीनं सुजयकडे 'पारंपरिक वेशातला, हसरा' फोटो मागितला. त्याच्याकडे बाबांचा तसा एकच फोटो होता. आईनं फार पूर्वी पाठवलेला. त्यानं तो मोठा करून दिवाणखान्यात लावला होता.

तो फोटो नाटकातला होता. लखनौच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एक ऐतिहासिक नाटक बसवलं होतं. सरदाराचं काम करणाऱ्या मेजरसाहेबांची ऐन वेळी जोधपूरला बदली झाली आणि मंडळींनी बाबांना धरून उभं केलं. बाबा वनस्पतिसंशोधन संस्थेतले दगडफुलांचे तज्ज्ञ. दगडावर जे उगवतं ते दगडासकट बघावं, खरवडू नये, असं मानणारा माणूस. दोन वाक्यांचं काम, त्यातलं एक ते विसरले. दुसरं बोलताना मिशी एका बाजूनं सुटली आणि प्रेक्षकांत हवाई दलाची अख्खी रांग हसून लोळली. नववीतली देविका पडद्याआडून बघत होती. घरी आल्यावर बाबा मोरीत उभे राहून तोंड घासत राहिले आणि आईला म्हणाले, "तोंडाला रंग फासला तो पहिला आणि शेवटचा. मेल्यावरसुद्धा कुणी हात लावायचा नाही." आई हसली होती. सुजय तेव्हा अमेरिकेत शिकत होता. त्याच्या हाती फक्त फोटो पडला, गोष्ट पोचलीच नाही.

"देवू! पोचलीस का?"

आवाज तिपाईवरच्या फोनमधून आला. सुजय उशीला टेकून बसला होता. त्याच्याभोवती छोट्या छोट्या चौकटींत नातेवाईक होते, पुण्याचे, न्यू जर्सीचे, सिडनीचे. एका चौकटीत नुसता पंखा फिरत होता.

"बघितलंस ना बाबांना? काय राजबिंडे दिसतायत!"

"खरंच गं," नयनामावशी पुण्याहून म्हणाली. "झोपलेत असंच वाटतंय. मला तर बाई भरूनच आलं."

"दादा, हा फोटो नाटकातला आहे."

"म्हणजे?"

"मंडळाच्या नाटकातला. मिशी खोटी होती. बाबांना मिशी कधी होती, आठव."

सुजयला आठवत असावं, कारण त्यानं चष्मा काढला आणि पुसला. देविकाला वाटलं, आता म्हणेल, अरे देवा, काढ ते सगळं.

"बरं," तो म्हणाला. "पण आता सगळ्यांनी बघितलंय ना. सकाळपासून सगळे लिहितायत. आता कुठे तो विषय काढतेस."

"विषय नाही, रंग काढते आहे. तुझी परवानगी मागत नाहीये. फक्त सांगते आहे."

"देवू, प्लीज. शेवटचं दर्शन आहे लोकांचं. छान आठवण राहू दे की."

"कुणाची?" ती म्हणाली. "हा कोण आहे?"

कोणत्या तरी चौकटीतून कुणी तरी 'ॐ शांती' म्हणालं. लहानपणी दुधात माशी दिसली की व्हायचं, तसं देविकाला झालं. माणूस मेला हे या सगळ्यांना नको होतं. मेलेला माणूस बघायला आले होते आणि तो मेलेला दिसू नये म्हणून पैसे मोजले होते. आणि त्यातले अर्धे तिचे होते.

तेवढ्यात दारातून मराठी मंडळातल्या अरुणाकाकू आल्या. गोमती नगरहून ई-रिक्षा बदलत बदलत, छत्री सांभाळत. काका हवाई दलातून इथेच निवृत्त झाले तेव्हापासून त्या लखनौच्या झालेल्या. त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं आणि पदर तोंडाला लावायचा राहूनच गेला.

"हाय राम! हे काय? दिनकररावांना पुन्हा स्टेजवर उभं केलं की काय कार्ट्यांनी?"

"काकू, तुम्हाला आठवतं ते?"

"आठवतं म्हणजे? मीच रंगवलं होतं गं त्यांना. मेकअप माझ्याकडेच असायचा. निम्मा वेळ 'अरुणाताई, पुरे' म्हणत होते." त्या रमाकांतकडे वळल्या. "क्यों भैया, लाश है कि दूल्हा? घोड़ी भी मँगवाई है क्या?"

"माताजी, सर ने अप्रूव किया है," रमाकांत जरा मागे सरकला.

देविकानं बॅग खाली ठेवली. "ढक्कन खोलिए."

"मैम, राजसी में फेस टच करना अलाउड नहीं है. लाइव चल रहा है. और ग्यारह बजे का स्लॉट है भैंसाकुंड श्मशान में."

"माझ्या बापाच्या तोंडाला हात लावायला मला अलाउड नाही?" हे ती मराठीत म्हणाली. रमाकांतला शब्द कळले नसावेत, पण त्यानं झाकणाची कडी सोडली.

"अब सात्त्विक में बदलने का रिफंड नहीं बनेगा, मैम," तो हळूच म्हणाला. "पहले बता देता हूँ."

तिनं मोरीतून तांब्या आणला, बाबांच्या कपाटातून धुवट पंचा काढला, ओला केला आणि गालावरून फिरवला. रंग निघाला नाही, नुसता पसरला. काजळ डोळ्याखाली उतरलं. आता तो सरदारही राहिला नाही, पावसात भिजलेला बहुरूपी झाला.

"पाण्यानं नाही निघायचं," काकू म्हणाल्या. "तेलकट रंग आहे. खोबरेल आण. आमच्याकडे नाटक संपलं की सगळे खोबरेलच चोळायचे."

स्वयंपाकघरात खिडकीशी बाटली होती. तेल उन्हानं कोमट झालं होतं. देविकानं ते तळहातावर घेतलं आणि बाबांच्या थंडगार गालाला लावलं. त्या थंडीनं तिची बोटं आखडली. मांस नव्हे, माती नव्हे, दुसरंच काही तरी. तरी ती चोळत राहिली. गुलाबी रंग सुटून पंच्यावर आला, मग लाल, मग काळा. तेल, रंग आणि अत्तर मिळून असा काही वास उठला की काकूंनी खिडकी उघडली आणि लूचा झोत आत आला.

"देवू, काय करतेस? थांबव!" सुजय ओरडला. "मुलं बघतायत इकडे! निदान कॅमेरा तरी बंद कर!"

"कॅमेरा तू लावलायस. तू बंद कर."

त्यानं बंद केला नाही. "रमाकांतजी, कैमरा घुमाइए ज़रा," एवढंच म्हणाला. रमाकांतनं तिपाई फिरवली. पुढे बराच वेळ तीन खंडांतले वैशंपायन झेंडूच्या माळा बघत बसले.

मिशी शेवटी राहिली. ती डिंकानं चिकटवली होती. देविकानं कडेनं तेल मुरवलं, वाट पाहिली, आणि एका टोकानं हलकेच उचलली. डावी बाजू सुटली. उजवी सुटेना. तिनं जरा ओढलं. मिशीबरोबर ओठावरचा कातडीचा एक पापुद्रा निघून आला.

रक्त आलं नाही. यायचं कुठून. खाली फिकट, ओलसर, भोपळ्याच्या आतल्या भागासारखं काही दिसलं. देविका मोरीपर्यंत धावली आणि नुसतंच पाणी ओकली. परत आली तेव्हा काकू भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. रमाकांत ती मिशी चिमटीत धरून उभा होता, कुठे ठेवायची ते न कळून.

"फेंकिए उसे," काकू भिंतीकडे बघतच म्हणाल्या.

देविकानं पगडी काढली. खाली बाबांचे विरळ पांढरे केस चपटे झाले होते. ते तिनं ओल्या हातानं सारखे केले. आता पेटीत एक पिवळट राखाडी चेहरा होता. गाल बसलेले, नाकात कापूस, तोंड किंचित उघडं, हनुवटीवर कंपनीच्या नजरेतून सुटलेले दोन-तीन खुंट. चांगला दिसत नव्हता. मेलेला माणूस होता तो, आणि तिचा बाप होता. इतका वेळ त्यांतलं एकही नव्हतं. परवापासून न आलेलं रडू आता आलं. ते तिनं पंच्यात पुसलं नाही, कारण पंचा रंगानं बरबटलेला होता.

"झालं?" झेंडूंकडे तोंड केलेला फोन म्हणाला. "दाखव आता."

रमाकांतनं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवल्यावर त्यानं तिपाई फिरवली. चौकटी बऱ्याच कमी झाल्या होत्या. नयनामावशी "बाई गं" म्हणाली आणि तिची चौकट काळी झाली. मग पंखावालं कुणी तरी गेलं. सुजय मात्र बघत राहिला. सात-आठ वर्षांत तो आला नव्हता. त्याचा चेहरा असा झाला की क्षणभर देविकाला त्याची दया आली.

"इतके म्हातारे झाले होते?" त्यानं विचारलं.

"हो, दादा."

तो म्हणाला, "पगडी तरी राहू दे गं. फोटोपुरती."

आलेली दया तिथल्या तिथे जिरली. तिनं पगडी उचलून रमाकांतच्या हातात दिली. "शादी वाली दुकान में लौटा दीजिए," ती म्हणाली. "किसी के काम आएगी."

मग तिनं आणि काकूंनी राहिलेलं अंग पुसलं, पांढरं धोतर नेसवलं. काकूंनी गच्चीतल्या कुंडीतून तुळस आणली. पान तोंडात ठेवायचं, पण देविकानं ते ओठावर ठेवलं, फाटलं होतं तिथे. पान तेलावरून घसरलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा घसरलं. म्हणून तिनं वरून बोट धरलं.

गाडी निघाली तसं ड्रायव्हरनं भजन लावलं. तेही राजसीतलंच. काकूंनी पुढे वाकून त्याला बंद करायला लावलं. मग आत फक्त गाडीची कुलरसारखी घरघर उरली, आणि तो वास. खोबरेल, डिंक, चंदन, आणि खालचा तो दुसरा. तो हाताला लागला होता आणि दिवसभर, बहुधा पुढेही बरेच दिवस, जेवताना नाकाशी येणार होता.

मांडीवरचा फोन थरथरला. सुजयचा निरोप पडद्यावर आला.

'मेकअपचे पैसे परत मागितलेत. मिळाले की अर्धे तुला पाठवतो.'

तिचा डावा हात मोकळा होता. त्या हातानं तिनं फोन पालथा घातला. उजव्या हाताचं बोट बाबांच्या ओठावर तसंच होतं. रस्त्याला खड्डे फार होते, त्यामुळे जरा दाबूनच धरावं लागत होतं.